वाचायला दिलेले पुस्तक

मराठी कादंबरीतल्या प्रेमाची सुरुवात कशाने होते याची कोणी मोजदाद केली, तर पहिला मान पुस्तकाला मिळेल असे मला वाटते. नायक नायिकेला एक पुस्तक वाचायला देतो. ते आठवड्याने परत येते तेव्हा त्यात बकुळीचे एक सुकलेले फूल असते, नाहीतर समासात पेन्सिलीने ओढलेली एक पुसट रेघ असते, आणि त्या रेघेचा अर्थ लावण्यात नायकाच्या रात्रीच्या रात्री जातात. मी स्वतः माझ्या पहिल्या कादंबरीत ही युक्ती वापरली आहे, आणि ती फार जुनी झाली आहे असे एका परीक्षकांनी मला सुनावलेलेही आहे. तेव्हा मी ते निमूटपणे ऐकून घेतले. आज त्यांना सांगावेसे वाटते की, इ. स. २०४७ मध्ये घडणारी एक प्रेमकथा नेमकी याच युक्तीवर उभी आहे.

त्या कथेचे नाव मराठीत 'वाचण्याचा हक्क' असे होईल. लेखक रिचर्ड स्टॉलमन. हे गृहस्थ कथालेखक नव्हेत. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणे हा त्यांचा व्यवसाय, आणि ते प्रोग्रॅम सर्वांसाठी मोकळे असावेत असा त्यांचा आग्रह. संगणकशास्त्रज्ञांच्या 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकाच्या फेब्रुवारी १९९७ च्या अंकात ही कथा प्रसिद्ध झाली. वाङ्मयीन मासिकांत तिची चर्चा झालेली माझ्या पाहण्यात नाही. कथा म्हणून ती फार वरच्या दर्जाची आहे असेही मी म्हणणार नाही. तरीही गेली दोन वर्षे ती माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून तिच्याविषयी लिहावयाचे योजिले.

कथा अवघ्या चार पानांची. डॅन हा कॉलेजात शिकणारा, कर्जात बुडालेला मुलगा. लिसा नावाची एक मुलगी त्याच्या ओळखीची आहे.  आणि एक दिवस लिसाच आपणहून त्याच्याकडे येते. तिचा संगणक बिघडला आहे, सहामाहीचे काम वेळेवर दिले नाही तर ती नापास होईल. तुझा संगणक देशील का, असे ती विचारते. आपल्याकडची नायिका पुस्तक मागते, ही संगणक मागते, एवढाच फरक. कोणत्याही प्रियकराला याहून मोठा सुदिन कोणता? पण डॅनच्या पोटात गोळा उठतो. कारण त्याच्या संगणकात त्याची पुस्तके आहेत, आणि लिसाने ती उघडली तर तो तुरुंगात जाईल.

त्या काळात प्रत्येक पुस्तकाच्या पोटात एक पहारेकरी बसवलेला आहे. पुस्तक कोणी, कधी, कोठे वाचले याची वर्दी तो एका मध्यवर्ती कचेरीकडे पोचवतो. वाचनाची फी ज्याची त्याने भरावयाची. लिसा बेताच्या घरची. तिला कॉलेजची फी भरताना नाकी नऊ येतात, मग पुस्तकांची फी कोठून भरणार? म्हणजे ती आपली पुस्तके वाचणार हे डॅनला जवळजवळ ठाऊकच आहे. त्याने स्वतःही वाचनासाठीच कर्ज काढले आहे. संशोधकांचे निबंध वाचण्याच्या फीपैकी दहा टक्के मूळ लेखकाला मिळतात. उद्या आपण संशोधक झालो, आपले निबंध लोकांनी वाचले, तर त्या दहा टक्क्यांतून कर्ज फिटेल अशा आशेवर तो जगतो आहे.

या सगळ्यात एक बारीकसा तपशील आहे, तो वाचताना मी शिक्षिका म्हणून चपापले. पुस्तक दुसऱ्याला वाचायला देणे ही घाणेरडी गोष्ट आहे, चाचे लोकच तसे करतात, हे डॅनला प्राथमिक शाळेपासून शिकवलेले आहे. म्हणजे कोणीतरी माझ्यासारखीच बाई फळ्यापुढे उभी राहून ते शिकवत असली पाहिजे. लेखकाने त्या बाईला नाव दिलेले नाही, चेहरा दिलेला नाही. पण मला ती दिसली.

डॅन काय करतो? तो संगणक देतो, आणि त्याहूनही भयंकर असे एक कृत्य करतो. तो लिसाला आपला पासवर्ड सांगतो. आता तिने पुस्तके वाचली तरी कचेरीच्या दप्तरात वाचणाऱ्याचे नाव डॅनचेच लागेल. तो पकडला जाईल तो फक्त लिसाने चुगली केली तर. आणि चुगलीला बक्षीस आहे. त्याचा एक मित्र अशाच चुगलीने तुरुंगात गेला आहे. त्याचा अपराध चोरून वाचणे हा धरलेला नाही; प्रोग्रॅमची उकल करण्याचे एक हत्यार जवळ बाळगले, हा धरला आहे. थोडक्यात, डॅनने आपली मान लिसाच्या हाती दिली. ती चुगली करीत नाही. दोघांचे लग्न होते. लहानपणी शिकवलेल्या गोष्टींविषयी दोघांना शंका येऊ लागतात, ती दोघे जुना इतिहास वाचू लागतात, आणि शेवटी चंद्रावर जाऊन राहतात. तेथे पुढे जो उठाव होतो त्यात सर्वांना वाचण्याचा हक्क ही एक मुख्य मागणी ठरते.

आता कथेच्या दोषांकडे वळू. दोष पुष्कळ आहेत, आणि ढळढळीत आहेत. लिसा ही कथेची नायिका. पण तिला कथेत एक वाक्य धड बोलू दिलेले नाही. ती सावळी की गोरी, हसरी की अबोल, तिने चुगली का केली नाही, करण्याचा मोह तिला एखाद्या रात्री झाला की नाही, यातले काहीच आपल्याला कळत नाही. बक्षिसाच्या रकमेचा तिला उपयोगच झाला असता. हाच तर कथेचा गाभा! मी ही कथा लिहिली असती तर डॅनला बाजूला सारून लिसाच्या खोलीत त्या रात्री दिवा जळत ठेवला असता. स्टॉलमननी तो प्रसंग एका ओळीत उरकला आहे. निवेदनाची तऱ्हाही रुक्ष. पुढे डॅनला असे कळणार होते, पुढे डॅनला तसे समजणार होते, असे म्हणत लेखक मध्येच कथा थांबवतो आणि व्याख्यान देतो. चंद्रावरचा शेवट तर घाईघाईने पडदा पाडल्यासारखा. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने आपली पहिली विज्ञानकथा पाठवली. तेव्हापासून पात्रांच्या तोंडून शास्त्र वदवण्याबद्दल विज्ञानकथेला बोल लावण्याची आपल्या टीकाकारांना सवयच आहे. इथे तर पात्रांना बोलण्याचीही तसदी दिलेली नाही, लेखकच बोलतो.

कला की जीवन हा फडके-खांडेकरांच्या काळातला वाद मी उकरून काढीत नाही. तंत्राच्या परीक्षेत ही कथा नापास होईल एवढे सांगितले म्हणजे पुरे. मग ती मनात का राहते? मला वाटते, त्या पासवर्डामुळे. एक माणूस दुसऱ्याला आपले नाव वापरू देतो. माझ्या नावाने वाच, पकडलो तर मी पकडला जाईन, असे न बोलता सांगतो. इतके सुंदर प्रेमनिवेदन मी अलीकडच्या कादंबऱ्यांत वाचलेले नाही. आणि लेखकाला त्याचे सौंदर्य कळले असावे असेही वाटत नाही. त्याला तो केवळ एक तांत्रिक उपाय वाटतो. कधी कधी लेखकाच्या नकळत कथेत जे येते तेच टिकते.

हे कोठून आले याचा उलगडा मला स्टॉलमन यांच्या चरित्रातील एका प्रसंगात सापडला. तो प्रसंग त्यांनी आपल्या भाषणांत अनेकदा सांगितला आहे. १९८० च्या सुमारास ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. झेरॉक्स कंपनीने त्या प्रयोगशाळेला छपाईचे एक नवे यंत्र दिले. त्यात कागद अडके. पूर्वीच्या यंत्राचा कागद अडकला की काम खोळंबलेल्या लोकांच्या पडद्यावर सूचना यावी, अशी दुरुस्ती स्टॉलमननी त्याच्या प्रोग्रॅममध्ये करून ठेवली होती. सूचना आली की कोणीतरी उठून कागद मोकळा करून येई. नव्या यंत्रालाही तेच करावयाचे, तर कंपनीने प्रोग्रॅम मूळ रूपात दिलाच नव्हता.

मूळ रूप म्हणजे काय, हे मला माझ्या पद्धतीनेच सांगू द्या. बाजारात चकलीची तयार भाजणी मिळते. पाकीट आणा, पीठ भिजवा, चकल्या तळा. काही अडत नाही. पण चकली कडक झाली, किंवा घरात कोणाला एखादी डाळ सोसत नाही, तर पाकिटातल्या पिठातून ती डाळ वेगळी काढता येत नाही. त्यासाठी प्रमाण लिहिलेला कागद हवा. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर म्हणजे तो कागद, आणि यंत्राला समजणारे त्याचे दळलेले रूप म्हणजे पाकीट. पूर्वी संगणकावर काम करणारी माणसे हे कागद शेजारणींसारखे एकमेकांना देत. झेरॉक्स कंपनीने फक्त पाकीट दिले.

पुढे स्टॉलमनना कळले की, कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका गृहस्थाकडे तो कागद आहे. ते त्याच्याकडे गेले आणि मागितला. त्या गृहस्थाने नकार दिला. कोणालाही देणार नाही असे त्याने कंपनीला लिहून दिले होते. स्टॉलमन न बोलता निघून आले. यंत्राचा कागद अडकतच राहिला असेल, पण स्टॉलमन यांच्या मनात जे अडकले ते कायमचे. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केले की, संगणक चालवण्यासाठी लागणारी सगळी प्रोग्रॅमसामग्री आपण नव्याने लिहिणार आणि तिचे मूळ रूप सर्वांना देणार. १९८९ साली त्यांनी त्यासाठी एक परवाना तयार केला. त्यातील खुबी अशी की, कॉपीराइटचा कायदा त्यांनी मोडला नाही, तो उलटा करून वापरला. हा प्रोग्रॅम घ्या, बदला, वाटा, विकासुद्धा. मात्र पुढच्याला द्याल तेव्हा त्यालाही हीच मोकळीक दिली पाहिजे. इंग्रजीत मोकळा आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे त्या बिचाऱ्यांना जन्मभर खुलासे करावे लागले. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' हे शब्द वेगळे आहेत. भाषेच्या श्रीमंतीचा असाही उपयोग होतो.

ज्याच्याजवळ वस्तू होती त्याने कार्नेगी मेलनमध्ये नकार दिला. कथेतल्या डॅनजवळ वस्तू आहे, त्यानेही तसेच लिहून दिल्यासारखे आहे, आणि तो नकार देऊ शकत नाही. सतरा वर्षांपूर्वी त्या गृहस्थाने जे करायला हवे होते ते लेखकाने डॅनकडून करवून घेतले. हे लक्षात आल्यावर कथेचा रुक्षपणा मला तितकासा खुपेनासा झाला.

भविष्यकथेला विचारावयाचा नेहमीचा प्रश्न म्हणजे, त्यातले किती खरे ठरले? ही कथा आली तेव्हा पुस्तके कागदाचीच होती, आणि अनेकांना ती थट्टा वाटली असेल. पण वीसच महिन्यांनी, ऑक्टोबर १९९८ मध्ये, पुस्तकावरचे वा गाण्यावरचे असे यांत्रिक कुलूप उघडणे, आणि उघडण्याचे हत्यार दुसऱ्याला देणे, हा अमेरिकेत गुन्हा ठरला. जुलै २००१ मध्ये दिमित्री स्क्ल्यारोव्ह हा तरुण रशियन प्रोग्रॅमर एका परिषदेत भाषण करण्यासाठी लास व्हेगासला गेला होता. अॅडोबी कंपनीच्या पुस्तकांची कुलपे उघडणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला म्हणून त्याला अटक झाली आणि तीनएक आठवडे तुरुंगात राहावे लागले. तो प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या देशात बेकायदा नव्हता. पुढे त्याच्यावरचे आरोप काढून घेतले गेले, आणि डिसेंबर २००२ मध्ये त्याची कंपनीही निर्दोष सुटली. डॅनचा हत्यार बाळगणारा मित्र मला तेव्हा आठवला.

जुलै २००९ मधली गोष्ट तर एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला अतिरंजित म्हटले असते. अॅमेझॉन कंपनीच्या किंडल या वाचनयंत्रावर लोकांनी विकत घेतलेली काही पुस्तके एके दिवशी आपोआप नाहीशी झाली. ज्या विक्रेत्याने ती विकली त्याला अमेरिकेत ते हक्क नव्हते, म्हणून कंपनीने दुरूनच ती पुसून टाकली आणि पैसे परत केले. पुस्तके कोणती? जॉर्ज ऑर्वेलची 'अॅनिमल फार्म' आणि '१९८४'. म्हणजे जुने कागद नाहीसे करणाऱ्या राजवटीची कादंबरीच नाहीशी झाली! कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. पण शाळेत शिकणाऱ्या एका मुलाने त्या पुस्तकावर काढलेली टिपणे निरुपयोगी झाली, त्याचे मला सर्वांत वाईट वाटले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हाही विकलेली पुस्तके बंद झाली, पैसे तेवढे परत आले. पुस्तकविक्रेत्याने दुकान बंद केले म्हणून आपल्या कपाटातली पुस्तके कोरी झाली, असे कधी ऐकले आहे काय?

आरन स्वार्ट्झची हकीगत याहून जड आहे, आणि सणाच्या अंकात मी ती लांबवीत नाही. एमआयटीच्या जाळ्यातून लाखो संशोधन-निबंध उतरवून घेतल्याबद्दल या तरुणाला जानेवारी २०११ मध्ये अटक झाली. खटला उभा राहण्यापूर्वीच, ११ जानेवारी २०१३ रोजी, सव्विसाव्या वर्षी त्याने स्वतःचा अंत करून घेतला.

पण कथेतले एक भाकीत पार उलटे ठरले, आणि तेच मला सर्वांत विचार करायला लावते. कथेत मुक्त प्रोग्रॅमवर बंदी येते, ते ठेवणारा तुरुंगात जातो. प्रत्यक्षात ते जिंकले. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेला लिनक्स आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या तळाशी आहे. जगातले सर्वांत बलाढ्य पाचशे संगणक २०१७ पासून सगळेच्या सगळे त्याच्यावर चालतात. म्हणजे प्रमाणाचा कागद सर्वांना मिळाला. आणि त्याच मोकळ्या पायावर, त्याच फोनवर, कुलपे घातलेली पुस्तके वाचली जातात. हा विरोध स्टॉलमन यांच्या कथेला सुचलेला नाही.

पेटंटला कथेत जागा नाही, आणि ते शास्त्र निराळे आहे. कल्पना उघड केल्याबद्दल वीस वर्षांचा मक्ता, असा तो सौदा. एवढाच योगायोग सांगते की, ही कथा छापून आली त्याच १९९७ साली हळदीने जखम भरते या 'शोधा'चे अमेरिकन पेटंट रद्द झाले, आणि त्या लढ्यात भारताच्या बाजूने रघुनाथ माशेलकर यांची वैज्ञानिक संशोधन परिषद उभी होती. घरोघरी आजीबाईंनी आधीच उघड केलेल्या गोष्टीवर मक्ता मागण्यात आला होता.

इथवर मी वाचकाच्या बाजूने बोलले. आता लेखिकेच्या बाजूने बोलणे भाग आहे, कारण माझाही पदर यात अडकलेला आहे.

माझ्या एका कादंबरीची आवृत्ती हजार प्रतींची निघाली. करारात रॉयल्टी दहा टक्के. डॅनच्या काळातही तेवढीच राहणार आहे हे वाचून मला हसू आले. प्रती संपल्या. प्रकाशक पुन्हा छापीत नाहीत आणि हक्कही सोडीत नाहीत. पत्रांची उत्तरे येत नाहीत. अशात एक दिवस परगावच्या एका बाईंचा फोन आला. कादंबरी त्यांना फार आवडली होती, शेवटच्या प्रकरणात रडू आले होते. कोठे मिळाली, म्हणून विचारले तर म्हणाल्या, "अहो, फोनवर आली. आमच्या भिशीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकली. आता सगळ्याच वाचताहेत." कोणीतरी एकेका पानाचा फोटो काढून ती धाडली होती. मी संतापले. मी त्यांना काहीतरी लागेल असे बोलले आणि फोन ठेवला. रात्री लक्षात आले की, गेल्या सहा वर्षांत या कादंबरीविषयी मला आलेला तो पहिलाच फोन होता.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी फोन केला. त्यांनी आधी तीन दुकानांत चौकशी केली होती असे समजले. माझा राग त्यांच्यावरचा गेला. पण कादंबरी बाजारात मिळत असती आणि तरीही कोणी असे केले असते, तर मी त्याला आजही चोरीच म्हणेन, हे स्टॉलमनसाहेबांना न रुचले तरी लपवीत नाही. त्यांचे म्हणणे असे की, नफ्याशिवाय एकमेकांना प्रत देणे कायदेशीर असावे, आणि लेखकांना सरकारने करातून पैसे द्यावेत, तेही लोकप्रियतेच्या घनमुळाच्या प्रमाणात. म्हणजे एखादा लेखक माझ्याहून हजारपट लोकप्रिय असेल तर त्याला माझ्या दसपट पैसे. हजार प्रतींच्या लेखिकेला हे गणित फार आवडले हे कबूल करते. आमच्याकडे ते कोणते खाते वाटणार आणि त्यासाठी किती दाखले जोडावे लागणार, हा भाग वेगळा.

आपल्या देशात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. पूर्वी पन्नास होता. रवींद्रनाथ १९४१ साली गेले; १९९१ अखेर त्यांचे लेखन मोकळे होणार, तोच मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. एका लेखकासाठी केलेला बदल सगळ्यांना लागू झाला. साने गुरुजी १९५० साली गेले, ते २००१ ऐवजी २०११ मध्ये मोकळे झाले. ज्यांनी आयुष्यभर जवळचे सारे वाटून टाकले, त्यांची पुस्तके आणखी दहा वर्षे 'सर्व हक्क स्वाधीन' राहिली.

आणि दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाचा खटला. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला, कारण अभ्यासक्रमासाठी नेमलेल्या प्रकरणांच्या प्रती तेथे बांधून मिळत. ज्यांची पुस्तके झेरॉक्स होत होती त्यांच्यापैकीच अनेक लेखक विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी वा निसर्गदत्त हक्क नव्हे, अशा आशयाचे निकालपत्र न्यायमूर्तींनी लिहिले. अपिलानंतर मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. कर्ज काढून वाचणाऱ्या डॅनला, आणि विशेषतः लिसाला, हा निकाल कोणीतरी वाचून दाखवायला हवा होता.

शेवटी एक गंमत सांगते. ही कथा या अंकासाठी मराठीत आणावी असे मी ठरवले होते. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. कोश मांडीवर घेऊन पहिली दोन पाने उतरवलीसुद्धा. मग कथेच्या खाली बारीक अक्षरात काय आहे ते पाहिले. कथा कोणीही जशीच्या तशी वाटावी, छापावी. मात्र तीत बदल करण्यास परवानगी नाही. आणि अनुवाद हा कायद्याने बदलच. प्रोग्रॅम बदलण्याचे स्वातंत्र्य मागण्यात ज्यांचे आयुष्य गेले ते आपल्या गोष्टीला हात लावू देत नाहीत! आधी मला हा ढोंगीपणा वाटला. स्टॉलमन यांचे उत्तर असे की, प्रोग्रॅम हे कामाचे हत्यार आहे, ते ज्याने त्याने आपल्या हाताला बसवून घ्यावे; पण माणसाचे मत हे त्याचे मत आहे, ते बदलून त्याच्या नावावर खपवू नये. मग मला आपले एकनाथ महाराज आठवले. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, कारण नकला करणाऱ्यांनी तीत आपल्या पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. यापुढे जो असे करील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, असे त्यांनी बजावून ठेवले. नकला करू नका असे मात्र ते म्हणाले नाहीत. ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली ती नकलांमुळेच, आणि शुद्ध आली ती नाथांमुळे. एकच कागद दोघांनी राखला, असे म्हणावयास हरकत नाही. तरीही अनुवाद म्हणजे करवंटी नव्हे, एवढी तक्रार मी नोंदवून ठेवते. नाहीतर ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणलीच नसती. अनुवादाची परवानगी मागणारे पत्र मी धाडले आहे. उत्तर येईपर्यंत कथानक सांगण्यावरच वाचकांनी समाधान मानावे.

इंग्रजी कथा जशीच्या तशी छापण्यास मुभा आहे, म्हणून मी तिच्या प्रती काढून चार पाने टाचली आणि शाळेच्या पुस्तकपेटीत ठेवली. पेटीची एक वही आहे; पुस्तक नेणाऱ्या मुलाने तारीख आणि नाव लिहून सही करावयाची असा माझा नियम आहे, आणि तो मी कडकपणे पाळते. सहामाहीच्या निकालाच्या दिवशी पेटी तपासली तेव्हा ती पाने जागेवर नव्हती. वहीत नोंद नव्हती. वर्गात विचारले तर सगळी मुले एकमेकांकडे पाहू लागली, आणि मागच्या बाकावरच्या दोन मुली हसल्या. मी वही मिटली आणि सुट्टीचा अभ्यास सांगायला सुरुवात केली.